सेटलमेंट एजन्सीने ९२,२८० रुपये नेले, कर्ज होतं त्याहून वाढलं

दोन क्रेडिट कार्डांचे २,१२,४०० आणि पर्सनल लोनचे ३,६०,०००, एवढं माझं कर्ज. बँकेशी बोलून ते कमी रकमेत मिटवून देतो म्हणणारा एजन्सीवाला म्हणाला, "हप्ते आजपासून बंद करा. ९० दिवसांत खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं गेलं, की बँक स्वतःच ४० टक्के रकमेवर मिटवायला तयार होते." हे ऐकलं तेव्हाच उठून यायला हवं होतं. सगळा फायदा त्यांचा, सगळा धोका माझा, हे त्या एका वाक्यातच होतं.

मी अडाणी नाही, करार वाचला होता. पण दिवसाला पंधरा-वीस वसुलीचे फोन येत असताना कुणी "यापुढे फोन आम्ही घेऊ" म्हणालं की माणूस सही करतो. नोंदणी १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. मग दरमहा ४,७२०, नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत त्यांनी बँकेला तीन ईमेल पाठवले, तेही एकाच मजकुराचे. कार्डांवरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी, वर लेट फी. २,१२,४०० चे ३,११,९०० झाले.

एक गोष्ट त्यांनी लपवली. लोनचा हप्ता नॅचने, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, चेक बाउन्ससारखीच. नुसतं कर्ज थकणं गुन्हा नाही, हे खरं. पण "काही होत नाही" म्हणणाऱ्याला हे कलम विचारा.

शेवटी 'बँकेचं' सेटलमेंट लेटर आलं. लेटरहेड नीटनेटकं, पण खात्याचे फक्त शेवटचे चार आकडे, खाली मोबाईल नंबर, आणि ३८,००० टोकन एका व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर भरायचे. भरले. बँकेत विचारलं तर असं पत्र निघालेलंच नव्हतं. खरं पत्र बँकेच्या अधिकृत ईमेलवरून येतं, त्यात खातं क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख असते आणि पैसे थेट कर्जखात्यातच भरायचे असतात.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. शाखा म्हणाली, वसुली विभागाशी बोला. वसुलीवाले म्हणाले, एजन्सी तुम्ही नेमली, आम्ही नाही. बनावट पत्रावर त्याच बँकेचं नाव छापलेलं असताना त्यांनी त्याची झेरॉक्सही ठेवून घेतली नाही! रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फक्त तिच्या नियंत्रणाखालच्या संस्थांचीच तक्रार चालते, एजन्सी त्यात बसत नाही. म्हणजे माझे पैसे गेले ते कुणाच्याच टेबलावर बसत नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ता तेवढा उघडा आहे: दोन वर्षांच्या आत, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी चार दिवस घालवले.

दिवाळखोरीचं नाव काढलं की एजन्सीवाला म्हणायचा, "अख्खा पगार जप्त होईल." खोटं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश साधारणपणे जप्त होत नाहीत. मात्र २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग सध्या कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू आहे. तुमच्या-माझ्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी (दिवाळखोरी) कायदा, जिल्हा न्यायालयात. मुंबईत १९०९ चा, उच्च न्यायालयात. प्रकरण रेंगाळतं, आणि घर-जमीन असेल तर ती न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. एकरकमी काही उभं करता येत असेल तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्वतः लेखी द्या. एजन्सी करते तेही हेच, फुकट होतं ते. मालमत्ता काही नाही, कर्ज देणारे पाच-सहा आहेत आणि एकही ऐकत नाही, तरच वकिलाकडून नादारीचा अर्ज.

सेटलमेंट झालं तरी क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' येतं, म्हणजे पूर्ण न भरता मिटवलेलं. पुढचं कर्ज मागताना तो शब्द आडवा येतो. मला तो कुणी सांगितलाच नाही. काही देणं बाकी नाही असं बँकेचं नो ड्यूज पत्र हातात आल्याशिवाय एकही पावती फेकू नका. आणि वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती तक्रार मात्र लोकपालाकडे चालते.