‘बोर्ड गेलाय’ म्हणाले तर आधी चार्जर तपासा

लॅपटॉपचा चार्जर बोगस निघाला तर नुकसान हजार-दीड हजाराचं. पण तो बोगस आहे हे झाकायला दुकानदार तुमच्या चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपवर खापर फोडतो आणि खरा खड्डा तिथे पडतो. माझ्या बाबतीत पहिला भाग पार पडला, दुसरा थोडक्यात टळला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण झालं कसं ते सविस्तर सांगते.

मी नाशिकच्या इंदिरानगरला घरूनच छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते. महिन्याची २० तारीख म्हणजे ३बी रिटर्नची, जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची, शेवटची तारीख, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लॅपटॉप डेलचा, चांगल्या स्थितीतला. चार्जरची वायर पिनेजवळ तुटली होती, एवढंच. जुन्या चार्जरच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं होतं: आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अ‍ॅम्पिअर. गुणाकार केला की ६५ वॉट. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पार्ट मागवावा लागेल, चार-पाच दिवस धरा. तेवढे दिवस नव्हते, म्हणून जुना चार्जर पिशवीत टाकून एमजी रोड गाठला.

बेसमेंटमधला गाळा, काउंटरवर चार्जरची रास. त्यानं जुना चार्जर हातात घेतला, पिन बघितली, आणि मागच्या खोक्यातून एक काढून दिला. ‘‘ओरिजनल आहे मॅडम, कंपनीचाच. फक्त बॉक्स नाही, म्हणून चौदाशेला देतोय.’’ स्टिकर अगदी तसंच होतं, १९.५ व्होल्ट, ३.३४ अ‍ॅम्पिअर, कंपनीचं नाव, खाली आयएसआयसारखा दिसणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि R ने सुरू होणारा नंबर. लॅपटॉपला लावून दाखवला. दिवा लागला. ‘‘बघा, झालं चार्जिंग चालू.’’

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. भिंतीकडची जी काळी कॉर्ड असते, ती माझी जुनी या नव्या चार्जरमध्ये बसेना. माझ्या चार्जरला तीन पिनांचं, पानाच्या आकाराचं तोंड. याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, दोनच पिनांचं. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘नवीन मॉडेलला असंच येतं,’’ आणि एक पातळ दोन पिनची कॉर्ड फुकट दिली.

बिल मागितल्यावर ठरलेलं उत्तर मिळालं: ‘‘बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील.’’ हे मला, दिवसभर जीएसटीच करणाऱ्या बाईला! कर किमतीत धरायचा की वेगळा लावायचा ते त्याचं त्यानं बघावं, पण दोनशे रुपयांच्या वरच्या विक्रीला बिल द्यायलाच लागतं. ते गिऱ्हाइकाने मागावं की नाही असा प्रश्नच नसतो. हे त्याला ऐकवलं. त्यावर हसत हसत एका वहीतून ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद फाडून दिला. मी निदान त्यावर ‘डेल चार्जर ६५ वॉट, सहा महिने वॉरंटी’ असं लिहायला लावलं आणि दुकानाचा शिक्का घेतला. पैसे यूपीआयने दिले. नंतर बघितलं तर ते दुकानाच्या नावावर नाही, कुणा माणसाच्या नावावर गेलेले.

घरी येऊन लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली. तिचा अर्थ असा: चार्जर किती वॉटचा, कुठल्या प्रकारचा ते ओळखता येत नाही, बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही, आणि मिळेल त्या विजेत भागवायला मशीनचा वेग कमी केला जाईल. झालंही तसंच. बॅटरी ३१ टक्क्यांवर अडकली ती अडकलीच. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक एंट्री मारली की चक्र फिरत बसायचं. कॉर्ड दोन पिनची, अर्थिंग नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या खालच्या स्क्रूला बोट लागलं की बारीक झिणझिण्या यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. त्यानं चार्जर हातातही घेतला नाही. थेट लॅपटॉप उलटा केला, खालून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘बोर्ड गेलाय मॅडम. चार्जिंगचा आयसी. जुन्या चार्जरनेच उडवला असणार.’’ बोर्ड म्हणजे लॅपटॉपच्या आतली मुख्य सर्किटची पाटी, आयसी म्हणजे तिच्यावरची चिप. लॅपटॉप ठेवून जा, साडेचार हजार, संध्याकाळी मिळेल. मी म्हटलं, न उघडता कसं कळलं? ‘‘रोजचं काम आहे आमचं.’’ तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरचा पोरगा लॅपटॉपचे स्क्रू सोडवायला सरसावला. मी लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि निघाले.

ओळखीतून पत्ता मिळाला तो सिडकोतल्या एका काकांचा. त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. अंबडच्या कारखान्यांतले पॉवर सप्लाय दुरुस्त करतात. त्यांनी लॅपटॉपला हात लावण्याआधी कपाटातून स्वतःचा ६५ वॉटचा चार्जर काढला आणि लावला. सूचना आली नाही. बॅटरी चढायला लागली. लॅपटॉप सुरू होताना एफ-२ दाबून सेटिंगच्या पडद्यावर नेलं, तिथे चार्जरच्या रकान्यात ‘६५ वॉट’ असं आलं. मग माझा लावला. त्याच रकान्यात ‘अननोन’. ‘‘ताई, बोर्ड ठणठणीत आहे. त्या माणसाने साडेचार हजार घेऊन काय केलं असतं, माहितीये? संध्याकाळी खरा चार्जर लावून दिला असता.’’

मग त्यांनी पिनेचं तोंड भिंगाखाली धरलं. डेलच्या या पिनेत आत एक सुईसारखी बारीक काडी असते. बाहेरचं कडं ऋण, आतलं धन, आणि मधली सुई वीज नेतच नाही. चार्जरमधल्या एका छोट्या चिपकडून ‘मी अमुक वॉटचा’ एवढा निरोप लॅपटॉपला पोचवते. निरोप आला नाही तर लॅपटॉप बॅटरी चार्ज करायचं टाळतो आणि स्वतःचा वेग आवळतो. माझ्या चार्जरची सुई दिसायला होती, पण मागे कशालाच जोडलेली नव्हती. वायर सोलल्यावर कळलं, आत दोनच तारा. चार्जरच्या डब्याजवळ काळ्या नळीखाली सांधा होता: दुसऱ्याच कुठल्या चार्जरची वायर कापून तिथे ही पिन डकवलेली.

कुठल्या, तेही लगेच कळलं. काकांनी स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, हेअर ड्रायरची गरम हवा मारली आणि ते सावकाश सोलून काढलं. खाली दुसरं स्टिकर. १९ व्होल्ट, २.१ अ‍ॅम्पिअर. म्हणजे ४० वॉट. ‘‘हा मॉनिटरचा आहे,’’ काका म्हणाले. दोन पिनांच्या तोंडाचंही कोडं सुटलं. मीटरवर नुसता मोजला तर १९.१ व्होल्ट दाखवत होता, अगदी शहाण्यासारखा. मग लोड लावला, म्हणजे त्यातून हळूहळू जास्त वीज ओढून बघितली. दोन अ‍ॅम्पिअरपर्यंत ठीक. तीनच्या जवळ गेल्यावर दिवा विझला, लागला, विझला, आणि मीटरचा काटा नाचायला लागला. दुकानात नुसता दिवा लागलेला दाखवतात त्याला काडीची किंमत नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअरचा हिशेब काकांनी त्यांच्या पद्धतीने सांगितला. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. लॅपटॉपमध्ये अर्धा व्होल्ट इकडेतिकडे चालून जातो, जास्त नाही. अ‍ॅम्पिअर मात्र मूळ चार्जरइतके किंवा त्याहून जास्त चालतात, कमी नाही. ‘‘पंगतीला दहा किलो भात शिजवला म्हणून कुणी दहा किलो जेवत नाही. पण दोनच किलो शिजवलात तर आचाऱ्याचे हाल.’’ म्हणजे ६५ च्या जागी त्याच कंपनीचा, त्याच पिनेचा ९० वॉटचा, १९.५ व्होल्ट ४.६२ अ‍ॅम्पिअरचा चार्जर बिनधास्त चालतो. ४० चा चालत नाही. माझ्या लॅपटॉपने चार्जर ओळखला नाही आणि वीज कमी ओढली, म्हणून निभावलं. अशी ओळख न विचारणाऱ्या मशीनने पूर्ण वीज ओढली असती आणि तो डबा रात्रभर गादीवर तापत राहिला असता.

राउटर, सेट-टॉप बॉक्सवाल्यांनीही हे लक्षात ठेवा. तिथे ओळखीची सुई वगैरे नसते आणि ९ व्होल्टच्या नि १२ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन बऱ्याचदा सारखीच, बाहेरून साडेपाच मिलिमीटरची. बसली म्हणजे चालली असं नाही. आतलं भोक २.१ चं आणि २.५ चं असे दोन प्रकार डोळ्यांना एकच दिसतात. एक आत जात नाही, दुसरा सैल बसून ठिणग्या टाकतो. लेबलवर गोल आणि मध्ये ठिपका असं धन-ऋणाचं चिन्ह असतं, तेही जुळवा. बहुतेक ठिकाणी आत धन असतं, पण गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलला उलटं. मुलगा गिटार शिकत असेल तर राउटरचा अडॅप्टर त्याच्या पेडलला लावू देऊ नका.

राहिला तो R नंबर. आयटीच्या सामानाच्या अडॅप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, आणि हा नंबर ‘बीआयएस केअर’ नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये कुणालाही तपासता येतो. वरच्या स्टिकरवरचा नंबर टाकला. नोंद निघाली ती भलत्याच उत्पादकाची, आणि वस्तू कुठली? पॉवर बँक. हे तपासायला दुकानात उभ्या उभ्या मिनिटभर लागतं. दुकानदारासमोरच करा, म्हणजे तोही बघतो.

दोन्ही स्टिकरं, सोललेली वायर आणि लोड टेस्टचा व्हिडिओ घेऊन परत गेले. आधी ‘‘आम्हाला वरूनच असा माल येतो’’, मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ती पाटी कायद्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल परत घेऊन पैसे न देणं हीसुद्धा. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. हे म्हटल्यावर आवाज खाली आला. ‘‘ताई, चार्जर द्या, हजार रुपये घ्या, विषय संपवा.’’ मॅडमची ताई झाले. चार्जर मी दिला नाही, कारण तोच पुरावा. दिला असता तर नवं स्टिकर लागून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडला असता.

घरी येऊन ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला. त्यांनी बिल मागितलं; एस्टिमेटचा शिक्का मारलेला कागद आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक चालला. नाही निपटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. चौदाशे रुपयांसाठी एवढं कशाला, असं घरातही ऐकून घेतलं. पण हा चौदाशेचा प्रश्न राहिलेला नाही. ‘बोर्ड गेलाय’ हे वाक्य तो दिवसातून किती जणांना ऐकवत असेल कोण जाणे.

रिटर्न वेळेत गेले. काकांनी स्वतःचा चार्जर वापरायला दिला, भाडं घेतलं नाही. सर्व्हिस सेंटरचा पार्ट नंतर आला, महाग पडला, पण बिलावर वॉट आणि सिरीयल नंबर दोन्ही आहेत. काल त्या दुकानातून फोन आला होता: पूर्ण पैसे देतो, आधी तक्रार मागे घ्या. मी म्हटलं, आधी पैसे खात्यावर टाका. अजून आलेले नाहीत.