कुंभारगावची बोटसफर: सोलापुरातून रोहित पाहायला जाताना

सोलापूरकर उजनी धरणाच्या साठ्याची टक्केवारी पाहतात ती नळाच्या पाण्यासाठी. याच धरणाच्या काठी, भिगवणजवळ असलेल्या कुंभारगावला बोटीने रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहायला जायचे तर तोच आकडा आधी बघा. रोहित चोच उलटी करून, पायांनी गाळ ढवळत खातो. त्याला जेमतेम गुडघाभर पाणी लागते. धरण शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर दलदल पाण्याखालीच राहते आणि थवे लांब उथळ कोपऱ्यांत पांगतात. शेतीसाठी आणि शहरासाठी धरणातून पाण्याची आवर्तने सुटू लागली की काठ मागे सरतो, गाळ उघडा पडतो. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात घाई करू नका, फेब्रुवारी-मार्च धरा. साठा वजामध्ये, म्हणजे उपयुक्त पातळीच्याही खाली गेला की मात्र जलाशयाच्या भिगवणकडच्या शेपटाचे पाणी काठापासून फार आत सरकते आणि बोटीपर्यंत चिखल तुडवावा लागतो.

अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत भिगवण. पहाटे साडेतीनला निघालात तरच उजाडताना काठावर पोचाल, आणि पोचायलाच हवे. दहानंतर ऊन चढते, वारा सुटतो, लाटा उठतात; बोट हलली की फोटोही हलतो.

बोटी स्थानिक मच्छीमारांच्या आहेत आणि या सफरीची खरी ताकद तेच आहेत. कालचा थवा कुठे होता, आज कुठे असेल, हे त्यांना नेमके ठाऊक असते. भाडे बहुधा माणशी नसते, बोटीमागे असते. किती तास आणि कुठपर्यंत, हे चढण्याआधीच बोलून घ्या. चांगला नावाडी थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करतो, पुढे बांबूने रेटतो आणि सूर्य पाठीशी ठेवून बोट आडवी लावतो. ‘उडवून दाखवतो’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. रोहिताला पाण्यावर धावत धावत उठावे लागते. त्यात त्याची ताकद जाते आणि चरणेही मोडते.

रोहित नाही दिसले तरी सकाळ वाया जात नाही. पट्टकादंब, चक्रवाक, चमचे, चित्रबलाक, शेकाटे, माशावर झेपावणारे नदीसुरय, एवढे पक्षी सोलापूरच्या इतक्या जवळ एका जागी दुसरीकडे क्वचितच दिसतात.

खटकते ते पाणी. पुण्याकडचे सांडपाणी भीमेतून इथेच येते. काही दिवस पाणी हिरवे असते, वास येतो. हात बुडवू नका, मुलांनाही बुडवू देऊ नका. जलपर्णी पंख्यात अडकली की बोट थांबते. नावाडी ती काढेपर्यंत कोणी उभे राहू नये.

लाइफ जॅकेटबाबत तडजोड नको. घातले एवढ्यावर भागत नाही, पट्टे आवळलेले हवेत; लहान मुलांच्या मापाचे आहे का, हे आदल्या दिवशीच फोनवर विचारा. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगाव–कळाशी मार्गावर प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण बुडाले. एप्रिल-मे हे वळिवाचे दिवस. आभाळ भरलेले दिसले तर ठरलेली फेरीही रद्द करा, आणि त्या महिन्यांत दुपारनंतर बोटीत बसूच नका.

परतल्यावर भिगवणात चिलापी (तिलापिया) मासळी खा, पण तळलेली. रश्शात तिचे काटे शोधण्यातच जेवण संपते.