सेंटरबोर्डच्या दुरुस्तीत फसलो: रंगाखालचं लाकूड आधी बघा

माझ्याकडे चौदा फुटी जुनी लाकडी डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी आहे. मुंबई बंदरात, कुलाब्याच्या बाजूला चालवतो. गेल्या वर्षी ओहोटीला तिचा सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या पोटातल्या फटीतून पाण्यात सोडायची फळी, खडकावर आपटला. पुढची कड फुटली, प्लायचे पदर सुटले. होडीला आडवं सरकू देत नाही ती ही फळी. ती धड नसेल तर शीड कितीही ताणा, होडी वाऱ्याच्या अंगावर जात नाही.

ओळखीतून एक कारागीर मिळाला. बोलायला गोड. "साहेब, कुजलेलं सगळं काढतो, आयएस ७१० मरीन प्लाय घालतो, वरून काचेचं कापड आणि इपॉक्सी, कडा घासून आकारात आणतो." आयएस ७१० म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक, आणि इपॉक्सी म्हणजे लाकडात पाणी शिरू न देणारी, वाळून कडक होणारी राळ. १८,००० रुपये ठरले, १२,००० आधी दिले, पावती घेतली नाही. मध्ये व्हॉट्सॲपवर घासलेल्या फळीचा फोटो आला. फळी ज्या खिळीवर वर-खाली फिरते, तिच्या भोकात माझ्या फळीला पितळी बुश, म्हणजे छोटी नळी आहे, फोटोतल्या फळीत नव्हती. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी पांढरीशुभ्र, गुळगुळीत फळी हातात आली. उरलेले पैसे तिथेच मोजले.

पहिल्याच दिवशी होडीने वेग धरला की फळी आवाज करत घुमायला लागली, पायाखाली थरथर जाणवायची. तिसऱ्या आठवड्यात ती अर्ध्यावर अडकली. खाली जाईना, वर येईना. ओहोटी लागलेली, होडी आडवी वाहत चाललेली आणि सोबत माझी बारा वर्षांची भाची. एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. पैशांचं एक वेळ सोडून देईन, पण तिचा तो घाबरलेला चेहरा विसरता येत नाही.

घरी फळी आडवी कापली. काचेचं कापड फक्त कडेला, बोटभर. आत साधा कमर्शियल प्लाय, पाण्यासाठी नसलेला, फुगलेला. फुटलेल्या कडेत गाड्यांचे पोचे भरतात ती पुट्टी, पेराएवढी जाड. खिळीच्या भोकाला इपॉक्सीचा थेंबही नाही, पाणी तिथूनच शिरलं. मागची कड निमुळती हवी, ती बोथट ठेवलेली. घुमत होती ती त्यामुळेच.

फोन केला तर म्हणाला, "खाऱ्या पाण्यात लाकूड फुगणारच." नंतर फोन उचलणंच बंद.

फळी कुणाला दुरुस्तीला देणार असाल तर रंग चढायच्या आत स्वतः जाऊन बघा. प्लायचा कापलेला तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात उकळा. ७१० च्या कसोटीत प्लाय ७२ तास उकळतात. साध्याचे पदर कितीतरी आधी सुटतात. पुठ्ठ्यात आकार कापून फळीच्या दोन्ही अंगांना लावा: पुढची कड गोलसर, सगळ्यात जास्त जाडी पुढच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, तिथून मागे निमुळती. दोन्ही अंगं तंतोतंत सारखी हवीत. आणि शेवटचा हप्ता फळी दोन-तीनदा पाण्यात जाऊन आल्यावरच द्या.

नवी फळी आता शेजारचे सुतारकाका आणि मी मिळून करतोय. इपॉक्सीचा पहिला हात रविवारी द्यायचाय. त्याआधी भाची येणार आहे, पुठ्ठा लावून बघायला.