सहा बाय आठ इंचांची तैलचित्रे आणि एक पोशाड बॉक्स: दहा महिन्यांच्या वापरानंतर

झाकणातच चित्राची फळी उभी धरणारी लाकडी पेटी, जिला चित्रकार पोशाड बॉक्स म्हणतात, ती मी गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन मागवली. तेव्हापासून शनिवार-रविवारी पुण्याहून वाईजवळच्या गावी गेलो की ती बरोबर असते. मेणवलीचा घाट, कृष्णेकाठचे ऊस, धोमकडचा रस्ता आणि पांडवगडाची उतरण एवढ्याच टापूत आजवर चौतीस चित्रे झाली. त्यांतली नऊ-दहाच दाखवण्याजोगी आहेत, पण पेटीविषयी बोलायला तेवढी पुरेत.

रंगांसह पेटीचे वजन जेमतेम अडीच किलो भरते. तिच्या तळाला पाव इंची स्क्रूची जागा असल्याने कॅमेऱ्याच्या साध्या तिपाईवर ती नीट बसते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. पूर्वी घडीचा ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, बांधावर उभा करून रंग पिळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जात, आणि सकाळी आठच्या सुमारास पांडवगडावर पडलेल्या सावल्या तेवढ्या वेळात पुष्कळ सरकत. आता पाच मिनिटांत ब्रश हातात असतो. सहा बाय आठ इंचांची फळी पाऊण तासात भरते आणि उजेडही साधारण तेवढाच वेळ एकसारखा टिकतो. या आकारात पानन् पान रंगवायची सोयच नसल्यामुळे आधी सावलीचे तीन-चार मोठे आकार ठरवावे लागतात. मला ते यायला तीन महिने लागले.

खरी अडचण पेटीची नव्हती, ओळखीच्या शिवाराची होती. फेब्रुवारीत आमच्याकडे हळद काढून, शिजवून खळ्यावर वाळत घालतात. तिचे पहिले चित्र काढताना मी हळद पिवळी म्हणून सरळ कॅडमियम यलो हा भडक पिवळा लावला, आणि खळ्यावर झेंडूची फुले पसरल्यासारखे दिसू लागले. पॉलिश होण्याआधीची वाळती हळद मातकट, तपकिरीकडे झुकणारी असते. लहानपणापासून तिच्यावर पाय देऊन फिरलेला मी, पण तिचा रंग कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या फळीवर यलो ऑकर (मातकट पिवळा), थोडा पांढरा आणि ढिगाच्या सावलीच्या बाजूला किंचित जांभळट करडा एवढ्यावर काम भागले. शेजारच्या काकांनी ते चित्र पाहून विचारले, “खळं आमचंच दिसतंय, पण आंबा कुठं गेला?” आंबा मी मुद्दाम वगळला होता. ते त्यांना पटवून देणे मला अजून जमलेले नाही.

आता दोष. झाकणाची बिजागरी तिसऱ्या महिन्यात सैल झाली आणि वाऱ्यात फळी मागे कलू लागली. विक्रेत्याला दोन वेळा कळवूनही उत्तर आले नाही. शेवटी गावातल्या सुताराने पितळी बिजागरी बसवून दिली. दुसरा दोष अधिक त्रासाचा आहे. ओल्या फळ्या नेण्यासाठी झाकणात ज्या दोन खाचा आहेत, त्यांमधले अंतर इतके कमी आहे की सुरीने जाड रंग लावला की तो पुढच्या फळीच्या पाठीला चिकटतो. घाटाच्या पायऱ्यांचे एक बरे चित्र मी असेच गमावले. तेव्हापासून एका फेरीत एकच फळी नेतो.

ज्या एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, फळ्यांवर मी रंगवतो, त्या पावसाळ्यात कडेने फुगल्या. आता जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात देण्याआधी कडा आणि पाठ लाखेच्या पॉलिशने बंद करतो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो, त्यामुळे प्रत्येक रंगाचा वेळ वेगळा. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाची पातळ रेखाटणी दोन दिवसांत वाळते, पण टायटॅनियम व्हाइटचे जाड आकाश आठवडाभर ओले राहू शकते. रंग लवकर वाळवणाऱ्या अल्किड माध्यमाचे थोडे थेंब रंगात घातल्यास पातळ थर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही, म्हणून रविवारच्या परतीसाठी ते मला सोयीचे वाटते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून पिशवीत कोंबू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी त्या तारेवर मोकळ्या वाळवतो.

प्रवास करून चित्रे काढणाऱ्याने ही पेटी जरूर घ्यावी, फक्त बिजागरी पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी. मोठ्या आकाराची सवय असलेल्याने आधी एखाद्या पुठ्ठ्यावर सहा बाय आठची चौकट आखून चार-पाच चित्रे करून पाहावीत. खाचांचे काम अजून बाकी आहे. सुतार म्हणतो, झाकण अर्धा इंच जाड केले की जमेल, पण मग पेटी माझ्या पाठपिशवीत मावेल की नाही हे मोजून पाहायचे आहे.