क्रूझचे भाडे: सगळे धरून की साधे?

क्रूझचा मार्ग ठरला, जहाज ठरले, बाल्कनी हवी की नको यावर घरात एकमत झाले, की आरक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर एक प्रश्न समोर येतो आणि बहुतेक जण तो घाईघाईने निकालात काढतात: भाडे साधे घ्यायचे की सगळे धरून, म्हणजे जाहिरातींच्या भाषेत सर्वसमावेशक, घ्यायचे. साध्या भाड्यात केबिन, रोजचे जेवण आणि जहाजावरचे करमणुकीचे कार्यक्रम येतात. बाकी जे घ्याल ते जहाजावरच्या खात्यात चढत जाते. सर्वसमावेशक भाड्यात पेये, वाय-फाय आणि कर्मचाऱ्यांची रोजची बक्षिसी बहुधा आधीच मोजलेली असते. सेलिब्रिटी किंवा प्रिन्सेससारख्या कंपन्या अशा प्रकारचे पर्याय नेहमीच्या भाड्याशेजारीच मांडून ठेवतात. मी आणि पत्नीने पहिला प्रवास साध्या भाड्याने केला, दुसरा सगळे धरून केला आणि तिसरा पुन्हा साध्या भाड्याने केला. तिन्ही प्रवास सात रात्रींचे आणि पश्चिम भूमध्य समुद्रातले असल्यामुळे तुलना निदान आमच्यापुरती तरी सरळ झाली.

पहिल्या प्रवासाच्या शेवटच्या सकाळी केबिनच्या दाराखालून जे बिल आत सरकवलेले मिळाले, ते पाहून सर्वसमावेशक भाडे न घेतल्याचा पश्चात्ताप आम्हाला झाला होता, हे आधीच कबूल करतो. कागद चार पानांचा होता. प्रत्येक पेयाच्या किमतीवर सेवाशुल्क वेगळे लागलेले होते, आणि हे शुल्क बऱ्याच कंपन्यांत १८ ते २० टक्के असते. बक्षिसी माणशी, रोजची, आपोआप जमा होत गेली होती. बुफेतला चहा, साधी कॉफी आणि पाणी फुकट असते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण कॅफेच्या काउंटरवर यंत्रातून काढून दिलेली कॉफी आणि बाटलीबंद शीतपेये फुकट नसतात, हे पहिल्या दोन दिवसांत ध्यानातच आले नाही. केबिनचे कार्ड टेकवले की काम होते, त्यामुळे खर्च होतो आहे याची जाणीव हाताला होत नाही.

घरी परतल्यावर मात्र ते चार पानी बिल मी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचले, आणि चित्र थोडे बदलले. पेयांचा आकडा डोळ्यांत भरत होता तो नोंदींच्या संख्येमुळे. सर्वांत मोठी रक्कम गेली होती जहाजाच्या सहलींवर. क्रूझच्या वेळापत्रकात ‘रोम’ असे छापलेले असले तरी जहाज लागते ते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, आणि उत्तरेच्या मार्गांवर ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जिथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर पडते. बंदर आणि शहर यांच्यातले हे अंतर आम्ही दोन्ही वेळा जहाजाच्या बसने कापले होते आणि त्याची किंमत बिलात दोन ओळींत शांतपणे बसली होती. मधल्या दर्जाच्या कंपन्यांच्या सर्वसमावेशक भाड्यात सहली सहसा येतच नाहीत. म्हणजे आम्ही ते भाडे घेतले असते, तरी बिलाचा सर्वांत जड भाग जिथल्या तिथेच राहिला असता.

एवढे कळूनही दुसऱ्या वेळी आम्ही सर्वसमावेशक भाडे घेतले, कारण शेवटच्या सकाळचा तो धक्का मनातून गेलेला नव्हता. त्याचे सुख खरे आहे, ते नाकारणार नाही. बक्षिसीचा विचार करावा लागत नाही, वाय-फायची मिनिटे मोजावी लागत नाहीत, आणि एखादे पेय आवडले नाही तर ते तसेच ठेवून दुसरे मागवताना अपराधी वाटत नाही. ज्यांना सुटीच्या काळात पैशाचा शब्दही नको असतो, त्यांनी कदाचित इथेच वाचन थांबवून त्या भाड्यावर खूण करावी. त्यांचा निर्णय चुकला असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

माझे गाडे अडले ते एका नियमावर, आणि त्या नियमातून निघालेल्या एका सवयीवर. पेयांचे पॅकेज, म्हणजे आधीच भरलेल्या रकमेत प्रवासभर मिळणारी पेये, एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावे, अशी अट अनेक कंपन्यांत असते. एकाने घ्यायचे आणि दोघांनी वापरायचे, हे टाळण्यासाठी ती आहे आणि कंपनीच्या बाजूने ती समजण्यासारखीही आहे. शिवाय पॅकेज संपूर्ण प्रवासासाठी घ्यावे लागते, हवे ते दिवस निवडता येत नाहीत. आम्ही दोन भाड्यांतला फरक काढला, त्यातून बक्षिसी आणि वाय-फाय वजा केले, कारण ते पैसे साध्या भाड्यातही गेलेच असते, आणि उरलेली रक्कम पेयांच्या सरासरी किमतीने भागली. उत्तर आले: माणशी रोज सहा पेये. दोघांची मिळून बारा. पत्नी दिवसाला दोन कॉफी घेते आणि त्यापलीकडे तिला काही लागत नाही. म्हणजे उरलेली दहा माझ्या वाट्याला आली, आणि कॉफी इतर पेयांपेक्षा स्वस्त असल्यामुळे काटेकोर हिशेबात हा आकडा दहाच्याही पुढे गेला असता. हे गणित मी आरक्षणाआधी करायला हवे होते. केले ते जहाजावर, दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर.

तिथून वसुली सुरू झाली. केबिनमध्ये रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो, त्याच्या पाठीवर मी पेयांच्या उभ्या रेघा मारू लागलो. समुद्रावरच्या दिवशी सात-आठ रेघांपर्यंत मजल जात असे, त्यातल्या तीन तरी तहान नसताना मारलेल्या असत. पण सात रात्रींच्या त्या मार्गात समुद्रावरचा पूर्ण दिवस एकच होता. बाकीचे दिवस सकाळी आठला बंदर आणि संध्याकाळी सहा-सातला निघणे, अशा घाटणीचे होते. जहाजाचे पॅकेज किनाऱ्यावर चालत नाही. काही कंपन्यांच्या खासगी बेटांवर ते चालते, काहींच्या चालत नाही, पण शहरातल्या कॅफेत त्याचा उपयोग शून्य. म्हणजे बंदराच्या दिवशी आम्ही बाहेर जे प्यायलो त्याचे पैसे वेगळे दिले आणि जहाजावर जे प्यायलो नाही त्याचेही दिले.

रोमच्या दिवशी हे टोकाला गेले. दिवसभर चालून पायांचे तुकडे पडले होते, बसमध्ये दोघेही झोपलो होतो, आणि जहाजावर पोहोचल्यावर शहाण्या माणसाने अंघोळ करून आडवे व्हायला हवे होते. मी मात्र बूटसुद्धा न बदलता वरच्या डेकवरच्या बारमध्ये जाऊन बसलो, कारण त्या दिवसाच्या कागदावर सकाळच्या कॉफीची एकच रेघ होती. दुसरा ग्लास समोर आला तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, “तुम्हाला तहान लागली आहे, की हिशेब लागत नाही?” मी ग्लास तिथेच ठेवला. पुढच्या दिवशी मात्र, लाज वाटावी अशी गोष्ट आहे, रेघा पुन्हा सुरू झाल्या.

पैसे वाया गेले की नाही हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. फरकाची रक्कम काही आभाळ कोसळावे एवढी नव्हती. खुपले ते हे, की बंदरात जेवायला थांबावेसे वाटत असताना जहाजावर परतण्याची ओढ लागत होती, आणि त्या ओढीचे कारण जहाज नव्हते, आधी भरलेले पैसे होते. साध्या भाड्यात दर वेळी खर्च होतो आहे ही टोचणी असते, हे खरे आहे; पण ती टोचणी पेय घेण्याच्या क्षणापुरती असते आणि नको म्हटले की संपते. दुसरी टोचणी नको म्हटल्यावर सुरू होते. माझा स्वभाव हिशेबी आहे, म्हणून मला ती जास्त लागली असण्याची शक्यता आहे, आणि ज्यांच्या मनात अशा रेघा उमटत नाहीत त्यांना हा सगळा त्रास काल्पनिक वाटेल.

मार्ग बदलला की पारडेही थोडे हलते. क्वीन मेरी २ हे जहाज साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा प्रवास साधारणपणे सात रात्रींत आणि मध्ये एकाही बंदराला न लागता करते. वसंत आणि शरद ऋतूंत जहाजे कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रांच्या दरम्यान हंगामानुसार जागा बदलतात, तेव्हाच्या अटलांटिक पार करणाऱ्या प्रवासांतही सलग सहा-सात दिवस नुसते पाणी असते. जिथे उतरायलाच जागा नाही तिथे पॅकेजचा प्रत्येक दिवस कामी येतो, आणि केबिनमधली दोन्ही माणसे सारखीच पिणारी असतील तर सर्वसमावेशक भाडे बहुधा स्वस्तही पडेल. अर्थात तिथेही बारीक अक्षरे वाचावीत: काही कंपन्या दिवसाला १५ मद्यपेयांची मर्यादा घालतात, आणि एका पेयाची किंमत ठरावीक रकमेच्या वर गेली तर फरक वेगळा द्यावा लागतो. महागड्या कंपन्यांची गोष्ट निराळी आहे. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर बहुतेक प्रत्येक बंदरातली एक सहल भाड्यातच असते, आणि रीजंट सेव्हन सीज तर सहलींच्या बाबतीत आणखी हात सैल सोडते. तिथे ‘सगळे धरून’ या शब्दांना अर्थ आहे, कारण बिलाचा जड भाग त्यात आलेला असतो. पण त्या भाड्याची तुलना मग साध्या जहाजाच्या साध्या भाड्याशी करू नये.

तिसऱ्या प्रवासात आम्ही साध्या भाड्याकडे परतलो, पण पहिल्यासारखे डोळे मिटून नव्हे. बक्षिसी आरक्षणाबरोबरच भरून टाकली, त्यामुळे शेवटच्या बिलातली ती ओळ आधीच नाहीशी झाली. वाय-फाय बहुतेक ठिकाणी उपकरणामागे आकारले जाते, म्हणून दोघांत एकाच उपकरणाचे घेतले; एकाने बाहेर पडायचे आणि दुसऱ्याने आत शिरायचे, एवढीच शिस्त लागते, आणि दिवसातून दोनदा घरच्यांची ख्यालीखुशाली कळण्यापुरते ते पुरते. पेयांसाठी रोजची एक रक्कम मनाशी ठरवली आणि रात्री झोपण्यापूर्वी जहाजाच्या ॲपवर खाते पाहिले. या पाहण्याचा एक फायदा असा, की चुकीची नोंद त्याच दिवशी दाखवून देता येते; शेवटच्या सकाळी तक्रार करायला गेलात तर सेवाकक्षासमोर अर्धे जहाज रांगेत उभे असते.

वाचलेल्या पैशांपैकी बरेचसे मात्र सहलींतून वाचले. चिवितावेक्कियाहून रोमला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते, आणि आम्ही तसेच गेलो. जहाजाच्या सहलीचा एक मोठा आधार असतो आणि तो कमी लेखू नये: बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते, स्वतंत्रपणे फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून परतीची गाडी अशी निवडली की ती चुकली तरी पुढची मिळून दीड-दोन तास हातात राहावेत. जहाजावर चढण्याची शेवटची वेळ निघण्याच्या वेळेआधी साधारण अर्धा तास असते, आणि जहाजाचे घड्याळ किनाऱ्याच्या घड्याळाशी जुळते आहे ना, हे उतरतानाच पाहून घ्यावे. ज्यांना ही धाकधूक सोसवत नाही त्यांनी दूरच्या शहरासाठी जहाजाची सहल घ्यावी आणि जवळच्या बंदरांत आपले आपण फिरावे. आम्ही लिव्होर्नोला नेमके तसेच केले.

कोणतेही भाडे घेतले तरी काही खर्च दोन्हींच्या बाहेरच राहतात आणि अंदाजपत्रकात त्यांची जागा आधी राखावी लागते. भाडे केबिनमध्ये दोन माणसे धरून माणशी सांगितलेले असते, त्यामुळे एकट्या प्रवाशाला जवळपास दुप्पट मोजावे लागू शकते. २०१० साली आलेल्या नॉर्वेजियन एपिक या जहाजाने एकट्यांसाठी वेगळ्या छोट्या केबिन दिल्या, तशा आता इतरत्रही दिसतात. जहाजावरच्या दवाखान्याचे पैसे खात्यात चढतात, म्हणून विमा हवाच. विमानाने जायचे असेल तर आदल्या दिवशी पोहोचावे आणि त्या रात्रीचे हॉटेल क्रूझच्याच खर्चात धरावे. जहाज समुद्रात असताना मोबाइल विमान मोडवर ठेवावा, नाहीतर जहाजाच्या टॉवरमार्फत झालेल्या रोमिंगचे बिल घरी येऊन भेटते. जहाजावरच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नये, कारण रोजच्या खर्चापोटी बँकेतली रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती सुटायला दिवस लागतात.

येत्या शरद ऋतूत अटलांटिक पार करण्याचा आमचा विचार चालला आहे: सहा दिवस सलग समुद्र, एकही बंदर नाही. माझ्याच युक्तिवादाप्रमाणे तिथे सर्वसमावेशक भाडे घ्यायला हरकत नाही, आणि प्रवास सुरू होण्यापूर्वी पॅकेज वेगळे घेण्याची सोयही त्या कंपनीत आहे, म्हणून सध्या आरक्षण साध्याच भाड्याचे केले आहे. पॅकेज घेण्याला पत्नीची ना नाही. फक्त पेन्सिल घरी ठेवायची, अशी तिची अट आहे, आणि मी अजून होकार दिलेला नाही.