पाण्याचे ओझे कोणत्या नियमात जाणवते? ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ आणि ‘केअर्न’

टेबलाभोवती बसून पात्रे रंगवण्याच्या खेळात (रोल-प्लेइंग गेममध्ये) स्वतःचे जग रचून ते जुन्या धाटणीच्या नियमांवर खेळवायचे ठरवले की, बराच शोध घेतल्यानंतर हातात बहुधा दोनच नावे उरतात. गॅव्हिन नॉर्मन यांनी २०१९ मध्ये आणलेले ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हे एक, आणि योचाय गॅल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘केअर्न’ हे दुसरे. पहिले म्हणजे १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ संचांची नीट लावून घेतलेली मांडणी आहे. दुसऱ्याने ‘नेव्ह’ आणि ‘इन्टू द ऑड’ या दोन छोट्या नियमसंचांवरून सुटसुटीतपणा घेतला आहे. क्लास (पात्राचा प्रकार), सेव्ह (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा), फासे ही प्राथमिक माहिती वाचकांना आहे असे धरून मी पुढे जातो. मी हे दोन्ही नियमसंच सोलापुरात, माझ्या मित्रमंडळींसोबत, माझ्या स्वतःच्या जगासाठी वापरले आहेत, आणि पुढचे मत त्या अनुभवापुरतेच आहे.

त्या जगाविषयी आधी सांगणे भाग आहे, कारण निवड त्यावरच ठरली. माझा ‘तहानमुलूख’ भीमा आणि सीना या नद्यांमधल्या कोरड्या माळावरून सुचला. तिथे घनदाट अरण्य नाही. काळी जमीन आहे, ज्वारी आहे, कोसाकोसावर ओस पडलेल्या गढ्या आहेत, आणि सगळे राजकारण विहिरी व तळ्यांभोवती फिरते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडून रयतेला जगवले ही कथा आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेली असते. तिच्यामुळेच माझ्या जगातला सर्वांत मोठा खजिना सोन्याचा हंडा न राहता कुलूपबंद बळद (धान्याचे कोठार) झाला. मोठे डंजन, म्हणजे पात्रांनी उतरून धुंडाळायची धोक्याची वास्तू, नळदुर्गावरून घेतले. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधणाऱ्यांनी डंजन रचणाऱ्याचे निम्मे काम आधीच करून ठेवले आहे, असे मला तो किल्ला पाहताना प्रत्येक वेळी वाटते.

अशा डंजनात उतरायचे असेल तर ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ फार भक्कम आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दहा मिनिटांचा एक टर्न, सहा टर्नमध्ये विझणारी मशाल, चोवीस टर्न पुरणारा कंदील आणि ठरावीक टर्नांनी भटक्या प्राण्यांसाठी टाकायचा फासा, एवढ्या सामग्रीवर पाणीमहालासारखी जागा अक्षरशः जिवंत होते. खेळाडू आपणहून कुजबुजत बोलू लागतात, दार उघडायचे की परत फिरायचे यावर वाद घालतात, आणि रेफरीला (खेळ चालवणाऱ्याला) वातावरणनिर्मितीसाठी वेगळे काही करावे लागत नाही. ‘केअर्न’च्या पहिल्या पुस्तिकेत अशी यंत्रणा नव्हती. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत डंजन आणि वाटचाल या दोहोंसाठी कार्यपद्धती आल्या आहेत आणि त्या कामाच्याही आहेत, पण जुन्या टर्नमोजणीची धार मला त्यांत तितकीशी जाणवली नाही. राक्षस, खजिन्याचे तक्ते आणि तयार साहसे यांच्या बाबतीतही पहिल्याचे पारडे उघडच जड आहे.

लढाईविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्यात वार लागतो की नाही यासाठी फासा टाकायचा, दुसऱ्यात वार लागतोच आणि चिलखताने इजा कमी होते. माझ्या टेबलावर दुसरी पद्धत भराभर चालली आणि लढाई टाळण्याकडे सगळ्यांचा कल वाढला. दुसऱ्या टेबलावर कदाचित उलटही होईल.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’च्या तपशीलवार (ऐच्छिक) नियमात ओझे नाण्यांत मोजले जाते, दहा नाणी म्हणजे एक पौंड. चारशे नाण्यांपर्यंत पात्र पूर्ण वेगाने चालते आणि पुढे टप्प्याटप्प्याने मंदावते. शस्त्रे, चिलखत आणि खजिना यांचे वजन स्वतंत्र धरले जाते. मात्र दोर, मशाली, खिळे, शिधा, पाणी असा बाकीचा सगळा संसार एकत्रितपणे ऐंशी नाण्यांचा मानला जातो. ऐंशी नाणी म्हणजे आठ पौंड, आपल्या हिशेबाने साडेतीन किलोंच्या आसपास. सोलापूरच्या मे महिन्यात ज्याने भर दुपारी शेतावर काम केले आहे त्याला ठाऊक आहे की, एका माणसाचे दिवसभराचे पाणीच एवढे भरते. नियमानुसार मात्र एक छागल घेतली काय आणि चार घेतल्या काय, ओझे तेवढेच राहते. तेव्हा प्रत्येक शहाणा खेळाडू चार छागली लिहून टाकतो, आणि ज्या जगात सगळे काही पाण्यावर अडायला हवे त्या जगात पाण्याचा प्रश्नच उरत नाही.

हा नियम लिहिणाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर सोन्याने भरलेली भुयारे होती, आणि नाण्यांच्या ओझ्याने वाकलेले पात्र बाहेर निसटते की नाही हा त्यांच्या खेळाचा कणा होता. जेवढे सोने बाहेर येईल तेवढे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळत असल्यामुळे ते त्यांच्या जागी अगदी बरोबरही होते. माझ्या जगात मात्र तोच कणा उलट दिशेने वाकत होता.

‘केअर्न’मध्ये पात्राकडे दहा स्लॉट, म्हणजे सामान ठेवायच्या जागा, असतात. बहुतेक वस्तूंना एक, अवजड वस्तूंना दोन. थकव्यालाही एक स्लॉट लागतो. अन्न, झोप अशा अत्यावश्यक गोष्टींना मुकलेले पात्र सावरू शकत नाही, आणि ती उपासमार दिवसापलीकडे गेली की थकवा चढू लागतो. शिवाय दहाही स्लॉट भरले की एचपी (शरीराला इजा होण्याआधी वार झेलण्याची क्षमता) शून्य धरायचे. यात मी स्वतःचा एकच नियम घातला: एक छागल म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे पाणी.

त्याचा परिणाम टेबलावर काय होतो ते एका प्रसंगावरून दिसेल. आमच्यातील एकाच्या पात्राकडे तलवार, दोन स्लॉट अडवणारे साखळी चिलखत, दोर, मशाली, शिधा आणि दोन छागली होत्या. आदल्या रात्रीच्या जागरणाचा थकवा एक स्लॉट धरून बसला होता. म्हणजे नऊ स्लॉट भरलेले. गढीच्या तळघरात त्याला पुरुषभर उंचीची पितळी समई सापडली, जी शेजारच्या गावात दिली असती तर त्या गावाची विहीर पुन्हा सर्वांना खुली होणार होती. समईला दोन स्लॉट हवेत. एक छागल टाकली तर दहा स्लॉट पूर्ण भरतात आणि वाटेत पहिलाच वार थेट शरीरावर येतो. चिलखत टाकले तर पाणी उरते, पण अंगावर काही राहत नाही. त्याने चिलखत तळघरातच काढून ठेवले, आणि तिथपर्यंत परत कसे यायचे यावर पुढचे दोन शनिवार गेले. त्या निर्णयासाठी मला एकही तक्ता उघडावा लागला नाही. कागदावरचे दहा चौकोन सगळ्यांना दिसत होते.

यावर कोणी रास्तपणे म्हणेल की, ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’मधून ओझ्याचा तेवढा नियम काढून तिथे स्लॉट बसवावेत. मीही ते करून पाहिले, आणि ते अशक्य नाही. अडचण अशी की, त्या नियमावर बरेच काही टांगलेले आहे. ओझ्यावरून टर्नमधला वेग ठरतो आणि वेगावरून दिवसाची मजल: चोवीस मैल, अठरा मैल, बारा मैल. सहा मैलांच्या, म्हणजे साडेनऊ-दहा किलोमीटरच्या हेक्सवर (नकाशावरच्या षटकोनी घरावर) ही मजल इतकी चपखल बसते की ती मोडवत नाही. किती स्लॉटांना कोणता वेग हे पुन्हा ठरवावे लागते, सोन्याचे वजन पुन्हा ठरवावे लागते, आणि सोन्याऐवजी धान्यासाठी एक्सपी द्यायचे म्हटले की प्रत्येक क्लासच्या लेव्हलचा वेगळा तक्ता समोर येतो. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी दोन हजार, थीफला बाराशे, एल्फला चार हजार. माझ्या मुलखात एल्फच नाहीत, हा आणखी निराळा प्रश्न.

स्वतःचे जग रचणाऱ्याने क्लासच्या या मुद्द्याचा आधीच विचार करावा असे मी सुचवीन. सात क्लासच्या यादीतून एक विशिष्ट जग आपोआप आत येते: बुटके, एल्फ, प्रेतांना पळवून लावणारा क्लेरिक. त्या जागी जंगम, धनगर, बारगीर बसवायचे तर प्रत्येकासाठी नवा क्लास तोलूनमापून लिहावा लागतो. ‘केअर्न’मध्ये क्लास नाहीत; पात्राच्या अंगावर जे आहे तेच ते पात्र. घोंगडी, काठी, कुत्रा आणि आवाज ओळखणारी मेंढरे एवढे लिहिले की धनगर तयार होतो. ‘केअर्न’ही आपल्यासोबत एक गूढ अरण्य घेऊन येते, हे खरे, परंतु ते प्रस्तावनेत आणि काही तक्त्यांत आहे, हाडांत नाही, आणि त्यामुळे बाजूला ठेवता येते.

लांब पल्ल्याचे कॅम्पेन ज्यांना हवे आहे, पात्र पहिल्या लेव्हलवरून वर चढत गढीचा धनी व्हावे अशी ज्यांची हौस आहे, त्यांना ‘केअर्न’ अपुरे वाटण्याचा संभव आहे. तिथे लेव्हल नाहीत. पात्र बदलते ते जखमांनी आणि मिळवलेल्या वस्तूंनी. आमच्यातल्या एकाला ही उणीव अजूनही खुपते आणि त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. ज्यांच्या जगाचे वैभव भुयारांत आहे आणि वाटेवर फारसे काही घडत नाही, त्यांनीही ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ घ्यावे. त्याची मोफत मूलभूत पीडीएफ चाचपणीसाठी पुरेशी आहे.

पण तुमच्या नकाशावर वाट महत्त्वाची असेल, आणि काय सोबत न्यायचे व काय मागे टाकायचे हाच खेळ असेल, तर माझा कल ‘केअर्न’कडे आहे. त्याचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहे की, श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून कोणीही त्याचे मराठी रूप करून वाटू शकतो. आम्ही नियमांचे मराठी पत्रक आणि दहा चौकोनांचा पात्रकागद एकाच पानावर पाठपोट छापतो. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारे खेळाडूही ते पाहून लगेच खेळायला बसतात. सुरुवात करायची तर त्या कागदासोबत एक आटत चाललेली विहीर, तिच्यावर हक्क सांगणारी तीन गावे आणि एका दिवसाच्या वाटेवरची एक ओस गढी एवढे पुरते.