पायाचं मसल मॉडेल: पेशंटला समजवायला एक नंबर, परीक्षेसाठी जरा जपून

सांगलीत विश्रामबागला माझं छोटं फिजिओचं क्लिनिक आहे आणि पेशंटला दाखवायला पायाचं एक धड मॉडेल घ्यावं असं लय दिवस मनात होतं, कारण भिंतीवरचा चार्ट बघून लोक नुसतं हं हं करतात आणि घरी गेल्यावर व्यायाम काही करत नाहीत. शेवटी ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हाच साचा वेगवेगळ्या नावांनी चार ठिकाणी विकायला आहे, फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, सेम टू सेम. मला जीएसटी धरून ९,२०० ला पडलं. स्वस्त नाही, पण जर्मन बनावटीच्या मॉडेलची किंमत बघितली की हे स्वस्तच वाटतं.

साइज खऱ्या पायाएवढी आहे, गुडघ्याच्या थोडं वरून ते पंजापर्यंत, स्टँडवर उभं. धमन्या लाल, शिरा निळ्या, नर्व्ह पिवळ्या. सुटे निघणारे तुकडे म्हणजे पोटरीचा वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस, त्याखालचा सोलिअस, नडगीच्या बाजूचा एक्स्टेन्सर डिजिटोरम लाँगस, बाहेरून पेरोनिअस लाँगस आणि तळपायाचा एक थर. काही खुंटीवर बसतात, काही मॅग्नेटवर. मॅग्नेट चांगले आहेत, खुंट्या बेकार. पार्सल उघडलं तेव्हाच एक खुंटी तुटलेली होती, विक्रेत्याला फोटो पाठवला तर आधी सॉरी मॅम आणि नंतर गप्पच, मग फेविक्विक लावून मीच काम भागवलं. अजून एक, सोबतच्या कागदावर सगळीकडे फिब्युलर लिहिलंय आणि आपण कॉलेजपासून पेरोनिअल म्हणत आलोय, दोन्ही एकच, गोंधळू नका.

आता चांगलं काय ते सांगते, कारण चांगलं बरंच आहे. पोटरी! पोटरीसाठी तरी पैसे वसूल. रात्री गोळा येतो, चढावर चालताना ओढ बसते, रविवारी टर्फवर क्रिकेट खेळताना मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं म्हणून लंगडत येणारे चाळिशीतले काका, ही सगळी गर्दी पोटरीचीच असते. त्या काकांचं बहुतेक वेळा गॅस्ट्रोकचं (म्हणजे गॅस्ट्रोक्नेमिअसचं) आतल्या बाजूचं डोकं फाटलेलं असतं, जिथे मांस संपून टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, सुरू होतो तिथे. मॉडेलवर ती जागा बोट ठेवून दाखवता येते. आणि तुकडा काढून हातात दिला की दिसतं, गॅस्ट्रोक वर मांडीच्या हाडापासून निघतो म्हणजे गुडघा ओलांडून खाली येतो, आणि सोलिअस मात्र गुडघ्याच्या खालीच नडगीच्या दोन्ही हाडांवरून सुरू होतो. म्हणून तर गुडघा सरळ ठेवून ताण दिला की गॅस्ट्रोक ताणला जातो आणि गुडघा वाकवून दिला की सोलिअस. हे मी तोंडाने सांगून सांगून थकले होते, मॉडेल हातात दिलं की लोक स्वतःच म्हणतात, अच्छा म्हणून दोन वेगळे व्यायाम होय. दोघं मिळून खाली टाचेला जातात तो अकिलिस टेंडन पण जाड आणि नीट दाखवलाय, टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वरचा भाग, जिथे रक्तपुरवठा कमी म्हणून तो जास्त वेळा तुटतो, तिथे मी स्केचपेनने खूण करून ठेवलीय.

सोलिअसचा दुसरा उपयोग शिरांसाठी. दिवसभर उभं राहणारे लोक, सलूनवाले, ट्रॅफिक पोलीस, शाळेतले सर, हॉटेलातले आचारी, यांच्या फुगलेल्या शिरा बघून घरातले म्हणतात तेल लावून चोळ. अहो चोळून काय होणार, उभ्या माणसाचं रक्त वर ढकलायचं काम सोलिअस करतो, त्याच्या पोटात शिरांच्या पिशव्याच असतात, तो आवळला की रक्त वर जातं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. मॉडेलमध्ये झडपा नाहीत, ते कळतं, एवढ्या पैशात कोण देणार, पण सोलिअस उचलून खालच्या निळ्या शिरा दाखवल्या की टाचा वरखाली करायचा व्यायाम लोक मन लावून करतात. आणि हे इथेच सांगून टाकते, एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबलं की दुखतं असं असेल तर मालीश अजिबात नको, आधी डॉक्टर आणि डॉपलर (शिरांची सोनोग्राफी), कारण आतल्या शिरेत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आपल्याकडे मालिशवाले काका आधी आणि डॉक्टर नंतर असा क्रम असतो म्हणून लिहिलं.

गुडघ्याच्या मागची खोबण पण झकास आहे. खरोखर जसा क्रम असतो तसाच ठेवलाय, मागून बघितलं की आधी पिवळी टिबिअल नर्व्ह, तिच्याखाली निळी शीर आणि सगळ्यात खोल, हाडाला लागून लाल धमनी. मग ती धमनी पॉप्लिटिअस स्नायूच्या खालच्या काठाला फुटते आणि पुढची फांदी दोन हाडांमधल्या पडद्याच्या वरच्या भोकातून पुढे जाते, ते भोक पण केलंय, मला तर बघून भारीच वाटलं. हीच फांदी खाली पावलावर येते, अंगठा वर उचलला की जो दोरा उठतो त्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं की ठोका लागतो. शुगरवाल्या पेशंटना मी मॉडेलवर लाल रेघ दाखवते आणि मग त्यांच्याच पायावर ठोका शोधायला लावते, आणि आतल्या घोट्याच्या मागचा पण, घोटा आणि टाच यांच्या मधोमध. एकदा स्वतःला सापडला की रोज बघतात.

आता माझ्या मते या मॉडेलचा खरा उपयोग कुठे झाला ते. पलूसकडच्या एक मावशी आल्या, भांगलणीला जाणाऱ्या. तक्रार काय, तर "मॅडम, चप्पल कवा पायातनं सुटतीय त्ये कळंना झालंय." पाऊल वर उचलत नव्हतं, चालताना पंजा खाली घासत होता, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कमी. घरच्यांनी लकवाच ठरवून टाकलेला. डॉक्टरांनी तपासून, नर्व्हची टेस्ट करून पाठवलं होतं, पण मावशींच्या डोक्यातला लकवा काही जाईना. मग मॉडेल पुढे ओढलं. गुडघ्याच्या बाहेर जरा खाली ते बारीक हाड आहे ना, फिब्युला, त्याच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनिअल नर्व्ह पुढे येते, तिथे तिच्यावर कातडी आणि जरासं मांस सोडून काहीच नाही. तासन् तास उकिडवं बसून भांगलण केली की ती तिथे दाबली जाते. प्लास्टर घट्ट बसलं, पायावर पाय टाकून बसायची सवय असली, लय बारीक झालेल्या माणसाने एका कुशीवर पडून राहिलं, तरी तेच. मावशींनी बोट लावून त्या पिवळ्या दोऱ्यावरून गुडघ्यामागून पुढे फिरवलं, मग स्वतःच्या पायावर तीच जागा चाचपली आणि म्हणाल्या, "मंजी ह्यो दोरा उघड्यावरच ठेवलाय म्हना की देवानं." मी हसले, पण यापेक्षा चांगलं वर्णन कुठल्या लेक्चरला ऐकलेलं नाही. त्यानंतर त्यांनी उकिडवं बसणं सोडलं, छोटं स्टूल घेऊन बसायला लागल्या, पायाला पट्टा वापरला. नुसती दाबली गेली असेल तर नर्व्ह काही आठवड्यांत, महिन्यांत परत येते, आतला धागाच तुटला असेल तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून धीर धरावा लागतो, हे पण मॉडेलवर अंतर दाखवून सांगितलं की पटतं.

आता तक्रारी. त्याच नर्व्हची पहिली. मानेला वळसा दिलाय, पण तिथे तिच्या दोन फांद्या होतात, एक पुढच्या कप्प्यात जाणारी डीप आणि दुसरी बाहेरच्या कप्प्यात जाणारी सुपरफिशिअल, ती फाटाफूट पेरोनिअस लाँगसच्या खाली दाखवायला पाहिजे होती. पेरोनिअस काढला की खाली गुळगुळीत लाल प्लास्टिक, नर्व्ह गायब! आणि खाली पावलावर पुन्हा एकदम दोन पिवळ्या रेघा उगवतात, मधला प्रवास काय हवेतून झाला का.

दुसरी आणि मोठी. पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर, ग्रेट सॅफिनस, ती आतल्या घोट्याच्या पुढून वर जाते. पुढून. मॉडेलमध्ये मागून रंगवलीय. बाहेरच्या बाजूची छोटी सॅफिनस बाहेरच्या घोट्याच्या मागून जाते ती बरोबर आहे, बहुतेक रंगवणाऱ्याने दोन्हीकडे एकच हिशोब लावला. कुणी म्हणेल काय फरक पडतो, तर पडतो, इमर्जन्सीत हाताला शीर सापडत नाही तेव्हा डॉक्टर त्याच जागी घोट्याच्या पुढे चीर देऊन शीर धरतात. बायपास झालेल्या माणसाच्या पायावर आतून जो लांब व्रण दिसतो तो हीच शीर काढल्याचा, आणि तिला चिकटून सॅफिनस नर्व्ह चालते म्हणून त्यांना नडगीच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं. असे पेशंट महिन्यातून एखादा येतोच, आणि त्याला मॉडेल दाखवताना मला हाताने झाकून सांगावं लागतं की हे असं नाही, इकडून आहे.

तिसरी गोष्ट या किमतीतल्या कुठल्याच मॉडेलमध्ये बघितली नाही, म्हणून मार्क कापत नाही पण लिहिते. फॅशिआ, म्हणजे स्नायूंभोवतीचं आवरण, नाही. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात, पुढचा, बाहेरचा, मागचा वरचा आणि मागचा खोल, आणि प्रत्येकाभोवती घट्ट शिवलेल्या अभ्र्यासारखं आवरण, जे ताणत नाही. गाडीवरून पडून नडगी मोडली आणि आत सूज वाढली की त्या कप्प्यातला दाब वाढतो आणि रक्त पोचत नाही, काही तासांत स्नायू आणि नर्व्ह कायमचे जाऊ शकतात. पेशंट कळवळत असतो, नुसती पायाची बोटं कुणी ताणली तरी ओरडतो, आणि पावलावरचा ठोका लागतोय म्हणून घरचे निवांत असतात. ठोका लागत असला तरी ही गोष्ट असू शकते! प्लास्टर घातल्यावर दुखणं औषधाने न थांबता वाढतच चाललं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला जायचं. मी मॉडेलला बाहेरून क्रेप बँडेज गुंडाळून कप्पा समजावते, जुगाड आहे पण चालतो.

विद्यार्थ्यांचं विचाराल तर, मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे, इकडे फिजिओची पण कॉलेजं झालीत, पोरं दरवर्षी विचारतात की घेऊ का. पहिल्या वर्षाला असाल तर नको. तुम्हाला डिसेक्शन हॉलमध्ये खरं बघायला मिळतंय ते सोडून चुकीच्या शिरेचं मॉडेल कशाला पाठ करताय, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) घोट्यावर बोट ठेवून विचारतात आणि तिथेच पोरं लटकतात. आतल्या घोट्याच्या मागचा क्रम मात्र यात बरोबर आहे, पुढून मागे टिबिअलिस पोस्टेरिअर, फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस, धमनी शीर, नर्व्ह, आणि शेवटी फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस, तेवढ्यासाठी माझ्या क्लिनिकवर येऊन फुकट बघून जा, चहा पण देते. प्लँटारिसचा तो सुतळीसारखा लांब टेंडनही आहे, जो काही जणांना मुळात नसतोच आणि हॉलमध्ये नेमका आपल्या टेबलवरच्या बॉडीत नसतो.

देखभाल सोपी, ओल्या फडक्याने पुसायचं, स्पिरिट लावायचं नाही, पिवळा रंग सुटतो. आणि सांगलीचा एप्रिल लक्षात घेऊन खिडकीत ठेवू नका, माझा एक्स्टेन्सर उन्हाने वाकला आणि आता मॅग्नेटवर नीट बसत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार देते, क्लिनिकवाल्यांनी घ्यावं. फक्त पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडून आतल्या घोट्याचा जवळून काढलेला फोटो मागवा, नुसता जाहिरातीतला नको, कारण नंतरच्या लॉटमध्ये रंगकाम सुधारलंय असं मला फोनवर सांगितलं होतं पण फोटो काही अजून आलेला नाही.